हातगुण : रोगी वैद्याच्या दारीं कां येतो?

आपल्या मराठी भाषेंत 'हातगुण' म्हणून एक जुना आणि अर्थपूर्ण शब्द आहे. अमक्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, तमक्या वैद्यांच्या हाताला यश आहे, असें आपण सहज बोलून जातों. हा शब्द रोग्यानें वैद्याविषयीं उच्चारावयाचा असतो. वैद्यानें तो स्वतःविषयीं उच्चारला कीं त्यांतला अर्थच निघून जातो. "माझ्या हाताला गुण आहे" असें जो आपल्या तोंडानें म्हणेल, त्याच्यापासून शहाणा मनुष्य चार पावलें दूर सरेल. नवे रोगी कसे मिळवावे हा विषय आज मोठ्या शहरांतून शास्त्र म्हणून शिकविला जातो. त्या प्रश्नाचें उत्तर आपल्या पूर्वजांनीं या एका शब्दांत सांठवून ठेविलें आहे, असें मला वाटतें. त्या उत्तराचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे.

हा विषय केवळ डॉक्टरांच्या हिताचा आहे असें कोणीं समजूं नये. मी ज्या लाखनी गांवीं राहतों, तें भंडारा आणि साकोली यांच्या मध्यें, नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. घरांत कोणी अंथरुणास खिळलें म्हणजे आमच्याकडील कुटुंब याच रस्त्यानें नागपूरची वाट धरतें. शहर जसजसें जवळ येतें, तसतसे इस्पितळांचे फलक मोठे होत जातात. गाडींत बसलेल्या कर्त्या पुरुषाच्या खिशांत धान विकून आलेले पैसे असतात, आणि कोणत्या दारीं गाडी थांबवावी हें त्याला ठाऊक नसतें. लुगडें वाईट निघालें तर पैसे जातात, बैल वाईट निघाला तर एक हंगाम जातो. वैद्याची निवड चुकली तर मनुष्य जातो, आणि त्याच्या मागें शेतही जातें. म्हणून वैद्यानें रोग्यास आपल्याकडे कसें वळवावें, आणि कसें वळवूं नये, हा प्रश्न प्रत्येक घराचा आहे.

आपल्या देशांत हा प्रश्न फार प्राचीन काळींच विचारला गेला होता. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकोणतिसाव्या अध्यायांत वैद्यांचे दोन वर्ग सांगितले आहेत. एक प्राणाभिसर, म्हणजे रोग्याच्या प्राणांची बाजू घेणारे. दुसरे रोगाभिसर, म्हणजे रोगाचीच बाजू घेणारे. या दुसऱ्या वर्गाचें जें वर्णन तेथें आहे, तें वाचतांना मनुष्य थक्क होतो. हे लोक वैद्याचा वेष करून रस्त्यारस्त्यानें कामाच्या शोधांत हिंडतात. कोणी आजारी आहे असें कानावर आलें कीं त्याच्या घराकडे धांव घेतात, आणि त्याला ऐकूं जाईल अशा बेतानें आपल्या गुणांचें वर्णन करितात. ज्या वैद्याचें औषध चालूं असेल त्याचे दोष पुनःपुन्हां दाखवितात. रोग्याच्या आप्तमित्रांस गोड बोलून वश करितात, आणि आपल्याला द्रव्याची इच्छा थोडीच आहे असें भासवितात. रोग हटला नाहीं म्हणजे रोग्यापाशीं साधनें नव्हतीं, शुश्रूषा करणारा नव्हता, संयम नव्हता, असें म्हणून मोकळे होतात. आणि रोगी शेवटास आला असें दिसतांच तेथून निसटतात. विद्वानांची सभा दिसली कीं मात्र हे लोक अरण्य टाळणाऱ्या वाटसराप्रमाणें तिला टाळतात. यांचा गुरु कोण, शिष्य कोण, सहाध्यायी कोण, हें कोणासच माहीत नसतें.

भोंदू वैद्याची ही ओळख बरीचशी त्याच्या रोगी मिळविण्याच्या रीतीवरून सांगितली आहे. त्याचें औषध खरें कीं खोटें हें सामान्य मनुष्यास पारखतां येत नाहीं. पण तो दारीं कसा येतो, काय बोलतो आणि संकटसमयीं कोठें असतो, हें कोणासही पाहतां येतें. शास्त्रकारांनीं घरांतील अडाणी मनुष्याच्या हातीं दिलेली ही कसोटी आहे, आणि ती आजही बोथट झालेली नाहीं.

परंतु एवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचें सोनें पडून राहतें, असें आपल्याकडे म्हणतात. चांगल्या वैद्यानें स्वतःविषयीं कांहींच बोलावयाचें नाहीं असें ठरविलें, तर लोकांना तो कळावा कसा? याचें उत्तर उपदेशांत शोधण्यापेक्षां इतिहासांत शोधणें बरें. आपल्या महाराष्ट्रांत, आणि महाराष्ट्राच्या आसपास, ज्यांच्या दारीं आरंभीं कोणी येत नव्हतें आणि पुढें रीघ लागली, असे वैद्य झालेले आहेत. त्यांनीं रोग्यास हांका मारल्या नाहींत. रोगी आणि दवाखाना यांच्यामध्यें ज्या भिंती उभ्या होत्या, त्या त्यांनीं एकेक करून पाडल्या. खर्च, अविश्वास, भय आणि परकेपणा अशा त्या चार भिंती होत.

पहिली भिंत खर्चाची. मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें, आणि पाश्चात्य वैद्यकाच्या पदव्या घेतलेले पहिले एतद्देशीय डॉक्टर १८५१ मध्यें तेथून बाहेर पडले. मूळचे गोमंतकांतले भाऊ दाजी लाड हे त्यांपैकीं एक. या नव्या वैद्यकावर लोकांचा विश्वास बसलेला नव्हता. मढीं चिरून शिकलेल्या मनुष्याच्या हातचें औषध घ्यावें कीं नाहीं, हाच प्रश्न कित्येक घरांत होता. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं गरिबांसाठीं धर्मार्थ दवाखाना चालविला. मोफत औषध घेऊन बरा झालेला मनुष्य आपल्या चाळींत, आपल्या जातींत, आपल्या गांवीं जाऊन जें सांगतो, तें कोणत्याही वर्तमानपत्रांत छापून येण्यासारखें नसतें. पण त्यावरच श्रीमंताचाही विश्वास बसतो. थोड्याच वर्षांत भाऊ दाजींची गणना मुंबईच्या अग्रगण्य डॉक्टरांत होऊं लागली.

याच भाऊ दाजींच्या चरित्रांत आपल्या विषयाची दुसरी बाजूही आहे. महारोगावर, म्हणजे कुष्ठावर, त्यांनीं एका वनस्पतीच्या तेलाचे प्रयोग केले आणि त्यांची कीर्ति दूरवर पसरली. परंतु त्या औषधाची कृति त्यांनीं बराच काळ प्रसिद्ध केली नाहीं, आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ते मोठे विद्वान होते, परोपकारी होते. तरीही लोकांनीं हा प्रश्न विचारला, आणि तो योग्यच होता. 'गुप्त औषध' या दोन शब्दांइतकी मोठी जाहिरात दुसरी नाहीं. जें सर्वांना माहीत आहे त्यासाठीं रोगी कोणाकडेही जाईल. जें एकालाच माहीत आहे त्यासाठीं त्याला त्याच दारीं यावें लागेल. म्हणूनच आधुनिक वैद्यकानें गुप्त औषध हें आपल्या नीतीच्या बाहेर ठेविलें. ज्या ज्ञानानें प्राण वांचतो तें कुलुपांत ठेवून रोगी मिळवावयाचे, ही गोष्ट थोर मनुष्यासही शोभत नाहीं.

दुसरी भिंत अविश्वासाची. ही कशी पडली तें पाहावयास मिरजेस गेलें पाहिजे. विल्यम वॉन्लेस हे अमेरिकन मिशनचे डॉक्टर १८८९ सालीं या देशांत आले, आणि १८९४ मध्यें मिरजेस त्यांचें रुग्णालय उभें राहिलें. परका देश, परका धर्म आणि हातांत सुरी! असें असतां हजारों रोगी त्यांच्याकडे कां लोटले? त्याचें मोठें कारण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया हें होय. पोटांतील रोग बरा झाला तर तो औषधानें झाला, नवसानें झाला, कीं आपोआप झाला, याबद्दल वाद घालतां येतो. मोतीबिंदूचें तसें नाहीं. ज्या म्हाताऱ्याला नातवानें हात धरून नेलें, तो परत येतांना वेशीवरच्या माणसांना नांवानें हांका मारूं लागला, म्हणजे सबंध गांवास पुरावा मिळतो. त्यांतून मिरज हें रेल्वेचें जंक्शन, त्यामुळें ही वार्ता आणि तिच्या मागोमाग रोगी, दोन्हीही आगगाडीनें हिंडूं लागलीं. वॉन्लेस यांस १९२८ सालीं 'सर' हा किताब मिळाला. पण त्यांची खरी सनद डोळे उघडलेल्या म्हाताऱ्यांनीं त्यापूर्वींच लिहून दिली होती.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. मोतीबिंदूवर याच्या कितीतरी पूर्वींपासून गांवोगांव हिंडणारे लोक एक उपाय करीत असत. डोळ्यांत सुई घालून गढूळ झालेलें भिंग ते आंत ढकलून देत. त्यानें रोग्याला तत्काळ दिसूं लागे, आणि तत्काळ बिदागीही मिळे. पुढें कांहीं दिवसांनीं कित्येकांच्या डोळ्यांत सूज येई, पू होई, आणि होती नव्हती ती दृष्टीही जाई. तोंवर सुईवाला दहा गांवें पुढें गेलेला असे. तेव्हां डोळ्यांनीं पाहिलेला तात्काळ गुण हा पुरावा खरा, पण अर्धा. उरलेला अर्धा पुरावा असा कीं, गुण देणारा मनुष्य महिन्यानंतर, वर्षानंतर त्याच जागीं सांपडला पाहिजे. वॉन्लेस मिरजेस राहिले, म्हणून त्यांच्या हाताला गुण आहे असें म्हणण्याचा लोकांस अधिकार पोहोंचला. जो जाब देण्यास जागेवर राहत नाहीं, त्याच्या हातगुणाची परीक्षा होऊंच शकत नाहीं.

तिसरी भिंत भयाची. डॉ. रखमाबाई यांचें नांव त्यांच्यावर झालेल्या खटल्यामुळें आपल्या परिचयाचें आहे. बालपणीं झालेला विवाह न मानल्याबद्दल १८८४ पासून १८८८ पर्यंत त्यांना न्यायालयांतून आणि वर्तमानपत्रांतून जें सोसावें लागलें, तें सर्वश्रुत आहे. त्यानंतर त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या, आणि १८९५ च्या सुमारास सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळावर रुजू झाल्या. इस्पितळ होतें, डॉक्टरीण होती, खाटा होत्या. पण बाळंतपणासाठीं बायका येईनात. इस्पितळ म्हणजे मरणाची जागा, तेथें लेंकराचा जन्म कसा व्हावयाचा, ही त्यांची समजूत. त्या वेळची एक आठवण सांगितली जाते. रखमाबाईंनीं एक गाभण जनावर इस्पितळांत आणविलें, त्याची सुखरूप सुटका केली, आणि येथें जीव जन्माला येऊं शकतो हें आसपासच्या बायकांना प्रत्यक्ष दाखविलें. पुढें वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनीं सुरतेस काम केलें, आणि ज्या इस्पितळाच्या वाटेला कोणी जात नसे तें घरच्यासारखें झालें. भित्र्या मनुष्याला "भिऊं नकोस" असें म्हटल्यानें त्याचें भय जात नाहीं. भयाचें कारण त्याच्या डोळ्यांदेखत खोटें ठरावें लागतें.

भय काढण्याऐवजीं जबरदस्ती केली तर काय होतें, हेंही त्याच सुमारास पुण्यानें पाहिलें. १८९७ च्या प्लेगांत सरकारनें घरोघर झडत्या घालून रोगी इस्पितळांत व माणसें विलगीकरणाच्या छावण्यांत नेण्यास आरंभ केला. हेतु साथ थांबविण्याचा होता; पण घरांत शिरलेल्या गोऱ्या शिपायांमुळें लोक रोगी लपवूं लागले, आणि साथीपेक्षां झडतीची धास्ती मोठी झाली. पुढें २२ जून १८९७ रोजीं रँडवर गोळी झाडली गेली, हा इतिहास आपण जाणतां. त्याच वर्षीं, त्याच साथींत, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनीं पुण्याबाहेर रोग्यांसाठीं दवाखाना उघडला. सावित्रीबाई स्वतः रोग्यांची सेवा करीत होत्या, आणि त्या सेवेंतच प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. मुंबईंत हाफकिन यांनीं प्लेगवरील लस तयार केली, तेव्हां १० जानेवारी १८९७ रोजीं पहिल्यानें ती स्वतःच्या अंगांत टोंचून घेतली. एकीकडे बंदूक घेऊन आलेला वैद्यकीय हुकूम, आणि दुसरीकडे स्वतःचा देह पुढें करणारे हे वैद्य आणि सेविका. जबरदस्तीनें रोगी आणतां येतो, पण त्याचा विश्वास आणतां येत नाहीं. आणि विश्वासावांचून आणलेला रोगी पहिली संधि मिळतांच पळून जातो.

चौथी भिंत परकेपणाची. ती पाडल्याचीं उदाहरणें आमच्या शेजारच्याच मुलखांत, आमच्या देखतां घडलीं आहेत. पूर्वींच्या चांदा जिल्ह्यांतील, १९८२ पासून गडचिरोली जिल्ह्यांत असलेल्या हेमलकसा येथें डिसेंबर १९७३ मध्यें लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथें जाऊन राहिले, तेव्हां माडिया लोक त्यांना पाहून जंगलांत निघून जात. डॉक्टरांना त्यांची भाषा येत नव्हती, आणि त्यांना डॉक्टर म्हणजे काय हें माहीत नव्हतें. आमट्यांनीं माडिया भाषा शिकून घेतली. आजूबाजूस लोकांच्या अंगावर पुरतें वस्त्र नाहीं हें पाहून प्रकाश आमट्यांनीं स्वतःचाही पोषाख गंजीफ्रॉक आणि अर्ध्या चड्डीवर आणला. मांत्रिकानें हात टेकलेले रोगी प्रथम येऊं लागले, आणि त्यांतले जे वांचले त्यांनीं बाकीच्यांना आणलें.

याच जिल्ह्यांत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनीं १९८६ मध्यें 'सर्च' ही संस्था स्थापिली. आदिवासी लोक सरकारी इस्पितळांत कां जात नाहींत, हें त्यांनीं आदिवासींनाच विचारलें. उत्तरें मोठीं मार्मिक मिळालीं. मोठ्या इमारतींत आम्हांस भीति वाटते. तेथील लोक पांढरे कपडे घालतात, आणि पांढरें कापड आम्ही प्रेतावर घालतों. आमच्या माणसांस आमच्याजवळ राहूं देत नाहींत. हें ऐकून त्यांनीं शोधग्राम येथें झोंपड्यांच्या धर्तीवर इस्पितळ बांधलें, नातेवाइकांस राहावयास जागा केली, आणि आदिवासींच्या दंतेश्वरी देवीचें नांव त्याला दिलें. रोगी मिळविण्यासाठीं रोग्यालाच प्रश्न विचारावा, आणि त्याचें उत्तर ऐकून आपलें घर बदलावें, ही गोष्ट दिसावयास सोपी. पण किती इस्पितळें अशीं बांधलीं जातात? मेळघाटांत बैरागड येथें डॉ. रवींद्र कोल्हे यांनीं कित्येक वर्षें पहिल्या भेटीस दोन रुपये आणि पुन्हां आल्यास एक रुपया, एवढीच फी घेतली. दोन रुपये देणाऱ्याला आपण भिक्षा घेतली असें वाटत नाहीं, आणि ज्याच्यापाशीं फार नाहीं त्यालाही ते देतां येतात. खर्चाची भिंत पाडतांना मानही राखतां येतो, तो असा.

आतां कायद्याकडे वळूं. इंग्लंडांत १८५८ सालीं कायद्यानें डॉक्टरांची नोंदणी सुरूं झाली. आपल्याकडे मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं, आणि मध्यप्रांतांत १९१६ सालीं नोंदणीचे कायदे झाले. आमचा भंडारा जिल्हा तेव्हां मध्यप्रांतांत होता, आणि नागपुरास रॉबर्टसन मेडिकल स्कूल १९१४ मध्यें निघालेलें होतें. नोंदणी म्हणजे काय? याचा गुरु कोण, हा कोठें शिकला, या प्राचीन प्रश्नांचें सरकारी दप्तरांत लिहून ठेविलेलें उत्तर. त्यापुढें डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम झाले. सध्यां लागू असलेले नियम २००२ सालचे आहेत. २०२३ च्या ऑगस्टांत नवे नियम काढले गेले, पण त्याच महिन्यांत ते स्थगित झाले. २००२ च्या नियमांप्रमाणें डॉक्टरानें जाहिरात करून रोगी ओढावयाचे नाहींत. वर्तमानपत्रांत सूचना देण्याची मुभा ठराविक प्रसंगींच आहे : धंदा सुरूं करतांना, त्याचा प्रकार बदलतांना, पत्ता बदलतांना, कांहीं काळ गैरहजर राहतांना, परत रुजू होतांना, दुसऱ्याचा दवाखाना आपल्याकडे घेतांना, आणि आपली फी जाहीर करतांना. पाटी अवास्तव मोठी नसावी, ती औषधांच्या दुकानावर लावूं नये, आणि रोगी पाठविल्याबद्दल कोणास दलाली देऊं-घेऊं नये, असेंही त्यांत आहे. मौज अशी कीं, नभोवाणीवर आरोग्याविषयीं भाषण करण्यास या नियमांची हरकत नाहीं. हरकत आहे ती त्या भाषणांतून स्वतःची जाहिरात करण्यास.

औषधांच्या जाहिरातींसाठीं १९५४ सालीं निराळा कायदा झाला. मधुमेह, कर्करोग, अपस्मार, मोतीबिंदू अशा कित्येक रोगांवर आपलें औषध रामबाण आहे असें छापणें त्यानें गुन्हा ठरविलें. पण या सर्व नियमांत एक मोठी फट आहे. वर्तनाचे नियम डॉक्टर या व्यक्तीस बांधतात. इस्पितळ चालविणाऱ्या कंपनीस ते तसे बांधीत नाहींत. म्हणून एकटा डॉक्टर आपल्या पाटीची लांबी मोजीत बसतो, आणि त्याच रस्त्यावर एखाद्या संस्थेचा फलक दोन मजले उंच उभा राहतो. त्या फलकाचा, मोफत म्हणून भरविलेल्या शिबिराचा, आणि गांवांतून रोगी धाडणाऱ्याच्या दलालीचा खर्च शेवटीं कोणाच्या बिलांत जातो, हें सांगण्यास अर्थशास्त्र शिकावें लागत नाहीं. रोग्याला आणण्याचा खर्च रोग्याकडूनच वसूल होतो.

हातगुणालाही मर्यादा आहेत, हें मात्र विसरतां कामा नये. मोतीबिंदूचा गुण दिसतो. न झालेला रोग दिसत नाहीं. आमच्या भंडारा जिल्ह्यांत आणि सबंध पूर्व विदर्भांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पुष्कळ घरांत आहे. त्यावर नेहमींच्या उपचारांत एका दिवसांत डोळे उघडण्यासारखा चमत्कार नाहीं. विवाहापूर्वीं रक्त तपासावें, मुलाचें दुखणें वेळीं ओळखावें, नेमानें औषध द्यावें, पाणी भरपूर पाजावें, वेदनेच्या वेळीं धीर द्यावा, असें वर्षानुवर्षांचें काम आहे. असें काम करणाऱ्या डॉक्टराचा गांवांत डंका वाजत नाहीं. उलट "तीन महिन्यांत मुळापासून काढून टाकतों" असें म्हणणाऱ्याकडे आईबाप धांवतात. येथें हातगुणाचा अर्थ आपणच थोडा वाढवून घेतला पाहिजे. ज्यानें रोग पळविला तो तर गुणी आहेच. पण जो न पळणाऱ्या रोगासमवेत आपल्या घराची सोबत करितो, त्याच्याही हाताला गुण आहे, असें म्हणावयास आपण शिकलें पाहिजे.

अलीकडे भ्रमणध्वनीवर रोग्यांचे अभिप्राय वाचावयास मिळतात, आणि पुष्कळ सुशिक्षित कुटुंबें तेवढ्यावरून डॉक्टर निवडतात. तो हातगुणाचाच नवा अवतार आहे, असें कोणी म्हणेल. फरक एवढाच कीं, शेजारीण सांगते तेव्हां तिचें घर आपल्याला माहीत असतें. तिच्या सासूचा गुडघा खरोखर बरा झाला कीं नाहीं, तें आपण रोज पाहत असतों, आणि खोटें बोलल्यास उद्यां तिला आपल्यासमोरून जावयाचें असतें. भ्रमणध्वनीवर बोलणारा कोण, तो रोगी होता कीं पगारी, तें कळण्यास मार्ग नाहीं. जाब देण्यास जागेवर असणें, हा गुण वैद्यास जितका हवा तितकाच साक्षीदारासही हवा.

तेव्हां तालुक्याच्या गांवीं नव्यानें दवाखाना थाटणाऱ्या तरुण डॉक्टरास काय सांगावें? तो कर्ज काढून शिकलेला असतो, घरभाडें चढत असतें, आणि बांकावर रोगी नसतो. त्याच्या अडचणीला हंसणें अन्यायाचें होईल. त्यानें आपली पदवी, नोंदणीचा क्रमांक, वेळ आणि फी दारावर स्वच्छ मराठींत लिहावी. इतकें सांगणें ही बढाई नव्हे, तें त्याचें कर्तव्य आहे. शाळेंत, ग्रामपंचायतींत जाऊन पाण्याविषयीं, सर्पदंशाविषयीं, सिकलसेलविषयीं चार शब्द बोलावे, पण आपल्या दवाखान्याविषयीं बोलूं नये. जें आपल्याला जमत नाहीं तें वेळेवर दुसऱ्याकडे धाडावें आणि त्याबद्दल दलाली घेऊं नये. "माझ्यानें होणार नाहीं" हें वाक्य ज्याच्या तोंडून ऐकलें, त्याच्या "होईल" या शब्दावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतात. आणि शेवटचें म्हणजे, राहावें. पहिलें वर्ष कठीण जाईल; पण ज्या घरचा पहिला ताप त्यानें उतरविला, त्या घरची सून पुढें आपलें मूल घेऊन येईल.

आणि आपण घरोघरच्या मंडळींनीं काय करावें? दाराशीं येऊन आपले गुण सांगणाऱ्यापासून आणि दुसऱ्याचे दोष दाखविणाऱ्यापासून सावध असावें. औषध काय देतां, किती दिवस द्यावयाचें, खर्च किती येईल, हें विचारण्याचा संकोच धरूं नये. चांगल्या डॉक्टरास या प्रश्नांचा राग येत नाहीं. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, बरें झाल्यावर खरें बोलावें. कोणत्या डॉक्टरानें आपल्याला नीट पाहिलें, कोणीं नको ती तपासणी टाळली, कोणीं रात्रीं दार उघडलें, हें शेजाऱ्यास सांगणें हें आपलें ऋण आहे. आपण तें फेडलें नाहीं, तर रिकामी राहिलेली जागा रस्त्यावरचा फलक भरून काढील, आणि मग फलकानें फसविलें म्हणून रडण्याचा आपल्याला हक्क राहणार नाहीं. हातगुण हा शब्द भाषेनें रोग्याच्या तोंडीं ठेविला आहे. तो जपून आणि खरेपणानें वापरणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.